पित्ताशयाचं ऑपरेशन आणि एआय: रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसले आणि मी ऑपरेशन सुचवलं, की हल्ली दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न एआयचा येतो. कुणी मोबाइलवर रील पाहिलेली असते, कुणाला पुण्या-मुंबईच्या नातेवाइकानं "रोबोटकडूनच करून घ्या" असं बजावलेलं असतं. मी जनरल सर्जन आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हे माझं जवळजवळ रोजचं काम, म्हणून इथली बहुतेक उत्तरं पित्ताशयाच्याच उदाहरणानं दिली आहेत. शस्त्रक्रियेतल्या एआयचा इतिहासही याच छोट्या पिशवीभोवती पुन्हा पुन्हा फिरतो, हे वाचताना लक्षात येईल.

डॉक्टर, ऑपरेशन तुम्ही करणार की मशीन?

मी करणार. माणसाच्या पोटातलं पित्ताशय स्वतःच्या निर्णयानं काढणारं यंत्र आज कुठल्याही हॉस्पिटलच्या रोजच्या वापरात नाही. नळी कुठली, रक्तवाहिनी कुठली, क्लिप (नळी बंद करणारी छोटी पकड) कुठे लावायची, कात्री कधी चालवायची, हे सगळं सर्जन ठरवतो. एआय असलंच तर ते पडद्यावर काही दाखवतं, सुचवतं किंवा इशारा देतं. आजचं एआय म्हणजे जास्तीचा डोळा आहे, हात नाही. पुढची बरीचशी उत्तरं या एका वाक्यातूनच निघतात.

पण रोबोट म्हणजेच एआय ना?

नाही, आणि सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहे. दा विंची नावाचा रोबोट बहुतेकांनी ऐकलेला असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला पोटाच्या दुर्बीण-शस्त्रक्रियांसाठी २००० साली मान्यता दिली, म्हणजे आजच्या एआयची लाट येण्याच्या कितीतरी आधी. त्यात सर्जन थोड्या अंतरावरच्या कन्सोलवर बसतो, डोळ्यांसमोर त्रिमितीय चित्र असतं आणि त्याच्या बोटांची हालचाल यंत्राचे हात पोटात करतात. हाताची थरथर गाळली जाते, मोठी हालचाल लहान करून पोचवली जाते, उपकरणाचं टोक मनगटासारखं वळतं. सर्जननं हात थांबवला की यंत्रही थांबतं. गुरुग्राममध्ये तयार होणारा एसएसआय मंत्र हा भारतीय रोबोटही याच तत्त्वावर चालतो.

गुडघ्याच्या रोबोटची गोष्ट थोडी वेगळी आहे. माको या यंत्रात आधी सीटी स्कॅनवरून हाडाचा नकाशा तयार होतो आणि किती हाड कापायचं ते ठरतं. करवत सर्जनच्याच हातात असते, पण ती आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागली की यंत्र अडवतं. हे उपयोगी आहे. मात्र हद्द सर्जननं मंजूर केलेली असते, यंत्रानं स्वतः विचार करून ठरवलेली नसते. जाहिरातीत "एआय रोबोटिक" असे दोन शब्द जोडून आले, तर त्यातला एआयचा भाग नेमका कुठला, हे जरूर विचारा.

आणखी एक गल्लत होते ती हिरव्या रंगाची. इंडोसायनिन ग्रीन नावाचं औषध शिरेतून दिलं की खास कॅमेऱ्याखाली पित्तनलिका हिरवी चमकते. फार चांगली सोय आहे, मी ती वापरतो. पण ते रसायन आणि प्रकाशाचं काम आहे, एआयचं नाही.

मग पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये एआय नेमकं करतं काय?

त्याआधी या ऑपरेशनची खरी भीती कुठली, ते सांगायला हवं.

पित्ताशय यकृताखाली चिकटलेलं असतं. त्यातून निघणारी बारीक नळी मुख्य पित्तनलिकेला मिळते आणि ती मुख्य नलिका यकृतातलं पित्त आतड्यात नेते. आम्हाला बारीक नळी आणि पित्ताशयाची रक्तवाहिनी एवढ्या दोनच गोष्टी कापायच्या असतात. मुख्य नलिकेला चुकूनही धक्का लागता कामा नये. तो लागला, तर कावीळ, पोटात पित्त साचणं, पुन्हा मोठी ऑपरेशनं, कधी वर्षानुवर्षं दवाखान्याच्या फेऱ्या. हजार ऑपरेशनांत साधारण दोन ते पाच जणांच्या बाबतीत हे घडतं. आकडा लहान वाटतो. पण ज्याच्या वाट्याला येतं त्याचं आयुष्य बदलतं. तीन दिवसांत घरी जाईन म्हणून आलेला तरणाताठा माणूस तीन महिने पोटातल्या नळ्या सांभाळत बसतो.

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. त्या काळात जगभर ही पद्धत झपाट्यानं पसरली आणि सोबत पित्तनलिकेच्या इजाही वाढल्या. असं का होतं याचा छडा लावणारा एक अभ्यास २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ इजांची छाननी केली. हात चुकल्यामुळे झालेल्या इजा त्यात फक्त ३ टक्के होत्या. उरलेल्या ९७ टक्क्यांत सर्जनची नजर फसली होती. मुख्य नलिकेलाच बारीक नळी समजून, अगदी शांतपणे आणि सफाईनं, ती कापली गेली होती. आपण चुकतोय असं त्या क्षणी त्यांना वाटलंही नव्हतं.

हा अभ्यास मी शिकत असताना वाचला, आणि तेव्हापासून क्लिप लावण्याआधी थांबायची सवय लागली. चूक हाताची असती तर जास्त स्थिर हात, म्हणजे रोबोट, हे उत्तर ठरलं असतं. चूक पाहण्यातली आहे, म्हणून दुसऱ्या डोळ्याची गरज आहे. एआयचा खरा उपयोग या ठिकाणी होऊ शकतो.

टोरांटोमध्ये डॉ. अमीन मदानी यांच्या गटानं गो-नो-गो-नेट नावाची प्रणाली तयार केली. निरनिराळ्या देशांतल्या पित्ताशय-ऑपरेशनांच्या २९० चित्रफिती घेतल्या. त्यांतल्या चित्रांवर अनुभवी सर्जननी "इथे काम करणं सुरक्षित" आणि "इथे हात लावू नका" असे भाग रंगवून दिले. त्यावर संगणक शिकला. आता नवं चित्र दिलं की तो दोन रंगांचे पट्टे टाकतो, हिरवा आणि लाल. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या संशोधकांनीही ८० ऑपरेशनांच्या चित्रफितींचा एक संग्रह जगासाठी खुला केला आणि त्यावरून यंत्राला ऑपरेशनचे टप्पे ओळखायला शिकवलं.

दुसरी एक दिशा मला जास्त मोलाची वाटते. १९९५ मध्ये डॉ. स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी क्लिप लावण्याआधीच्या तीन अटी मांडल्या. बारीक नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणी जागेतली चरबी आणि चिकट पडदे पूर्ण साफ झालेले हवेत. पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला हवा. आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोन आणि दोनच गोष्टी दिसायला हव्यात. या दृश्याला आम्ही क्रिटिकल व्ह्यू म्हणतो. दमलेला सर्जन, दिवसातलं पाचवं ऑपरेशन, बाहेर थांबलेली ओपीडी, अशा वेळी "झालं असेल साफ" असं मन म्हणतं. त्या क्षणी पडद्यावरच्या यंत्रानं "दुसरी अट पूर्ण झालेली नाही" एवढं जरी सांगितलं, तरी एखादी नलिका वाचेल. अशा अटी तपासणाऱ्या प्रणाल्या बनताहेत.

त्यामुळे इजा कमी झाल्या आहेत का?

हे सिद्ध करणं वाटतं तितकं सोपं नाही. समजा इजेचं प्रमाण हजारात तीन आहे आणि एआयमुळे ते निम्म्यावर येतं. हा फरक योगायोगाचा नाही असं खात्रीनं म्हणायला साधारण ३० हजार रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास लागेल. तोपर्यंत "आमच्या एआयमुळे इजा टळतात" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर ती आशा आहे, पुरावा नाही. मला स्वतःला ही आशा वाटते. पण संमतीपत्रावर सही घेताना मी ती पुरावा म्हणून वापरणार नाही.

एआय चुकतं म्हणजे कसं चुकतं?

माणसासारखं चुकत नाही, म्हणून आम्हाला जास्त सावध राहावं लागतं. २०१९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट दाखवली. त्वचेचा कॅन्सर ओळखणाऱ्या एका प्रणालीला साध्या, निरुपद्रवी तिळांचे फोटो दिले. तेच तीळ, पण शेजारी सर्जनच्या जांभळ्या पेनाची खूण केलेली, असेही फोटो दिले. खूण दिसली की यंत्र कॅन्सरकडे झुकायचं. कारण शिकताना त्यानं पाहिलेल्या फोटोंत संशयित तिळांभोवती अशा खुणा जास्त असणार. त्यानं पेनाची शाई शिकली होती. कुठलाही डॉक्टर अशी चूक करणार नाही, आणि म्हणूनच ती त्याच्या ध्यानातही येणार नाही.

पित्ताशयात याचा अर्थ असा. यंत्र ज्या चित्रफितींवर शिकलं, त्यातली पित्ताशयं कशी होती? आमच्याकडे दोन-तीन वेळा दुखून गेल्यावर, "सोयाबीन निघू दे, मग बघू" म्हणत ऑपरेशन पुढे ढकललेले रुग्ण पुष्कळ येतात. त्यांचं पित्ताशय आतून दगडासारखं कडक, आतड्याला चिकटलेलं, पू भरलेलं असतं. यंत्रानं शांत, निळसर, देखणी पित्ताशयं जास्त पाहिली असतील, तर नेमक्या अवघड वेळी त्याचा हिरवा पट्टा कितपत विश्वासाचा? सोप्या ऑपरेशनात मला मदत लागत नाही. लागते ती इथे.

आपल्या लोकांचा डेटा त्यात आहे का, हा प्रश्नही महत्त्वाचा. भूल दिल्यावर बोटाला लावतो तो ऑक्सिजनचा चिमटा सगळ्यांनी कोविडात पाहिला. त्यात एआय नाही, साधं प्रकाशाचं यंत्र आहे. तरी २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांना आढळलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर घटलेला असताना तो ठीक दाखवण्याची चूक हा चिमटा गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट वेळा करत होता. तोपर्यंत तो कित्येक दशकं वापरात होता. एवढ्या साध्या यंत्राची ही कथा, तर चित्रांवरून शिकणाऱ्या यंत्राला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

ऑपरेशन थिएटरमध्ये आणखी कुठे एआय असतं?

मेंदूच्या गाठींमध्ये त्याचं काम मला सगळ्यांत थक्क करणारं वाटतं. गाठ कुठल्या जातीची आहे यावर किती कापायचं ते अवलंबून असतं, पण पक्का रिपोर्ट यायला दिवस लागतात. नेदरलँड्समधल्या गटानं २०२३ मध्ये स्टर्जन ही प्रणाली मांडली. ऑपरेशन चालू असताना गाठीचा तुकडा घेऊन त्याचा डीएनए वाचायचा आणि दीड तासाच्या आत जात ओळखायची. प्रत्यक्ष २५ ऑपरेशनांत वापर झाला. १८ वेळा उत्तर बरोबर आलं. उरलेल्या ७ वेळा पुरेशी खात्री नसल्यामुळे प्रणालीनं उत्तर दिलंच नाही. मला त्या १८ इतकेच हे ७ आवडले. "मला कळत नाही" म्हणता येणारं यंत्र थिएटरमध्ये हवं.

पुढच्याच वर्षी मिशिगन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी फास्टग्लिओमा ही प्रणाली दाखवली. गाठ काढल्यावर कडेला कॅन्सर उरलाय का, हे ती दहा सेकंदांत सांगते. धोकादायक अवशेष नजरेतून सुटण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतींत २५ टक्क्यांच्या आसपास होतं, तिच्यात ३.८ टक्के.

भूलतज्ज्ञांकडेही एक आहे. रक्तदाब पडण्याआधी काही मिनिटं इशारा देणारं यंत्र. ॲमस्टरडॅममध्ये ६८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, ऑपरेशनदरम्यान रक्तदाब कमी राहण्याचा काळ साधारण रुग्णात सुमारे ३३ मिनिटांवरून ८ मिनिटांवर आला. नंतर इतर संशोधकांनी आक्षेप घेतला, की यंत्र जे भाकीत करतं ते चालू रक्तदाबाकडे नीट लक्ष ठेवूनही बऱ्याच अंशी कळतं. वाद अजून चालू आहे, आणि तो चालू आहे हे चांगलंच आहे.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत तर एआय आपल्याकडेही रुळलं आहे. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची डोक्याचा सीटी वाचणारी प्रणाली २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस मध्यरात्री आला आणि रेडिऑलॉजिस्ट जवळ नसला, तर "आत रक्तस्राव आहे, हा स्कॅन आधी बघा" एवढा इशाराही वेळ वाचवतो.

रोबोटनं स्वतःच पित्ताशयाचं ऑपरेशन केल्याची बातमी वाचली. खरी आहे?

खरी आहे, फक्त तिच्यातले तपशील मथळ्यात येत नाहीत. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ॲक्सेल क्रीगर यांच्या गटानं ते प्रसिद्ध केलं. यंत्र सर्जनच्या चित्रफिती पाहून शिकलं. चॅटजीपीटीच्या मुळाशी संगणकाची जी रचना आहे, त्याच जातीची रचना त्यात वापरली होती. आठ पित्ताशयांवर, क्लिपा लावण्याचा आणि नळ्या कापण्याचा १७ पायऱ्यांचा टप्पा त्यानं माणसाचा हात न लागता पार पाडला, आठही वेळा. मध्ये चुकलं तर स्वतः सुधारलं, तोंडी सूचना दिली तर ऐकली. सर्जनपेक्षा वेळ जास्त लागला.

ती पित्ताशयं डुकराची होती आणि शरीराबाहेर काढलेली होती. रक्त वाहत नव्हतं, श्वासाबरोबर यकृत वरखाली होत नव्हतं, चिकटलेलं काही नव्हतं. आणि तो पूर्ण ऑपरेशनचा एक टप्पा होता. याच गटानं २०२२ मध्ये स्टार नावाच्या रोबोटकडून चार जिवंत डुकरांच्या आतड्याचे टाके दुर्बिणीतून घालून दाखवले होते, आणि ते टाके अनुभवी सर्जनच्या टाक्यांपेक्षा एकसारखे होते. तेव्हा दिशा स्पष्ट आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. टाके घालणं, हाड कापणं अशी ठरावीक, मोजता येणारी कामं यंत्र आधी शिकेल. "आज इथेच थांबू या, पूर्ण पित्ताशय काढायला नको" हा निर्णय शेवटी.

दुसऱ्या शहरातला डॉक्टर रोबोटनं ऑपरेशन करू शकतो का?

करू शकतो, आणि ही गोष्ट जुनी आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी प्राध्यापक जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबूर्गमधल्या एका महिलेचं पित्ताशय काढलं. चारच दिवसांनी न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि ही बातमी मागे पडली. त्यात एआय नव्हतं, चांगली केबल होती. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की रुग्णाशेजारी तेव्हाही सर्जनचा चमू तयार उभा होता. तो कुठेही लागतोच.

रोबोट किंवा एआय असलेल्या हॉस्पिटलात गेलं तर ऑपरेशन जास्त चांगलं होतं का?

आपोआप होत नाही. गुदाशयाच्या कॅन्सरवर ४७१ रुग्णांची एक मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, अर्ध्यांची ऑपरेशनं रोबोटनं, अर्ध्यांची साध्या दुर्बिणीनं. मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ८.१ टक्के, दुर्बिणीत १२.२ टक्के. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धडा जास्त कठोर होता. दुर्बीण किंवा रोबोटनं केलेलं ऑपरेशन पोट उघडून केलेल्याइतकंच चांगलं, असं सगळे धरून चालले होते. २०१८ मध्ये चाचणीचे निकाल आले. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या स्त्रिया मोठ्या चिरेच्या गटात ९६.५ टक्के, छोट्या छिद्रांच्या गटात ८६ टक्के. छोटी जखम, लवकर घरी, सगळं छान दिसत होतं, आणि जीव मात्र जास्त जात होते. नवं यंत्र पाहिलं की मला ही चाचणी आठवते.

साध्या पित्ताशयाला रोबोट लागत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. साध्या दुर्बिणीतून ते उत्तम निघतं.

खर्च आणि विम्याचं काय?

रोबोट वापरला की बिल वाढतं, कारण यंत्र महाग आणि त्याची उपकरणं ठरावीक वापरानंतर बदलावी लागतात. विमा नियामकानं २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची यादी केली. त्यात रोबोटिक शस्त्रक्रिया आहे आणि आरोग्य विमा कंपन्यांना ती सरसकट वगळता येत नाही. पण रकमेवर मर्यादा घालता येते. पॉलिसीतली ती उपमर्यादा ॲडमिट होण्याआधी वाचा. रोबोटसाठी दागिने गहाण ठेवू नका, असं मी पित्ताशयाच्या रुग्णांना तोंडावर सांगतो.

एआयच्या सल्ल्यानं काही चुकलं तर जबाबदार कोण?

तुमच्यासमोर सर्जन आणि हॉस्पिटल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. "पडद्यावर हिरवं दिसत होतं" हे माझं समर्थन होऊ शकत नाही, होऊ नये. यंत्रातच दोष असेल तर उत्पादकाला वेगळं विचारता येईल. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय सॉफ्टवेअरही कायद्यानं वैद्यकीय उपकरणच धरलं जातं. तेव्हा थिएटरमधल्या अशा प्रणालीला केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेची परवानगी आहे का, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

माझ्या ऑपरेशनचं चित्रीकरण होतं का? ते एआयला देतात का?

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं चित्र पडद्यावर असतंच, ते साठवणं सोपं आहे. यंत्रं अशाच चित्रफितींवर शिकतात. पोटाच्या आतल्या चित्रात चेहरा नसतो, पण कॅमेरा बाहेर काढल्यावर खोली, माणसं, फलकावरचं नाव येऊ शकतं. तो भाग कापायला हवा. २०२३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. माझा आग्रह असा, की उपचाराची संमती आणि चित्रफीत संशोधनाला देण्याची संमती हे दोन वेगळे कागद हवेत. दुसऱ्यावर "नाही" लिहिलं तरी उपचारात तसूभर फरक पडता कामा नये. पण शक्य असेल तर "हो" म्हणा, अशी विनंतीही करतो. तालुक्याच्या रुग्णांची चिकटलेली पित्ताशयं त्या संग्रहात गेली नाहीत, तर यंत्र ती कधीच ओळखणार नाही.

एआयवर विसंबून डॉक्टरांचं कौशल्य कमी होईल का?

ही भीती खरी आहे. पोलंडमध्ये चार केंद्रांत मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत गाठी शोधायला एआय आलं. नंतर त्याच डॉक्टरांनी एआयशिवाय केलेल्या तपासण्या पाहिल्या, तर कॅन्सरपूर्व गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. २०२५ चा हा अभ्यास. इशारा मिळायची सवय लागली की नजर सुस्तावते, असा त्याचा एक सरळ अर्थ निघतो.

शिकवण्यात मात्र एआय कामाचं आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात संगणकातल्या आभासी मेंदूवर ऑपरेशनचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांना एआयनं दिलेल्या सूचनांचा, दुरून शिकवणाऱ्या तज्ज्ञांच्या सूचनांपेक्षा जास्त फायदा झाला. पुढे त्याच गटाला असंही आढळलं की विद्यार्थी इजा टाळायला शिकले, पण हात गरजेपेक्षा संथ आणि आखडते झाले. यंत्रानं जे मोजलं ते सुधारलं, बाकीचं मागे पडलं. माझ्या गुरूंनी माझं मनगट धरून "घाई नको, पण थांबूही नको" असं शिकवलं होतं. ते मनगट धरणं अजून लागणार आहे.

रिपोर्ट चॅटबॉटला दाखवून ऑपरेशन करायचं की नाही ठरवू का?

शब्दांचा अर्थ समजून घ्यायला जरूर वापरा. नाव, मोबाइल नंबर काढून टाका. पण निर्णय त्यावर घेऊ नका. खडे असून कधीच त्रास न झालेल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, आणि तोच रिपोर्ट असलेल्या दुसऱ्याला आजच लागतं. फरक पोटाला हात लावल्यावर कळतो. पोटदुखीसोबत थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे, अशी लक्षणं असतील तर मोबाइल खाली ठेवा आणि रात्र असली तरी दवाखाना गाठा. पित्तनलिकेत खडा अडकून जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण आहे.

मग सर्जनला विचारू तरी काय?

यंत्राच्या नावाआधी माणसाबद्दल विचारा. तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केली आहेत? क्लिप लावण्याआधी ते दृश्य नीट दिसलं नाही तर काय कराल? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार काही सांगून जातं. "पोट उघडीन", "पित्ताशयाचा काही भाग ठेवून बाहेर येईन", "दुसऱ्या सर्जनला बोलवीन" यांपैकी काहीही ऐकलं, तर तुम्ही बऱ्या हातांत आहात. "तशी वेळच येत नाही" असं उत्तर आलं, तर दुसरं मत घ्या.

यंत्र वापरणार असतील, तर ते बंद पडलं तर ऑपरेशन कसं पुरं होईल, हे विचारा. वीज जाते, पडदा अडकतो. एआय कुठल्या रुग्णांवर शिकलंय आणि त्याचा सल्ला पटला नाही तर सर्जन काय करतो, हेही विचारा. रागावणार नाहीत. रागावले तर तेही एक उत्तरच आहे.

ऑपरेशननंतर चित्रफीत मागता येईल का?

मागा. क्लिप लावण्याआधीच्या दृश्याचा एक फोटो तरी डिस्चार्जच्या कागदांत लावून द्यावा, ही सवय मी काही वर्षांपूर्वी लावून घेतली. पुढे कधी कावीळ झाली आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जावं लागलं, तर त्यांना तो फोटो दाखवा.